किरायाच्या खोलीचा कागद: घरपोच ऑनलाइन भाडेकरार, पाचपैकी साडेतीन स्टार

मोबाइलचे, मिक्सरचे, कूलरचे रिव्ह्यू सगळेच टाकतात, मी आज एका कागदाचा टाकून राहिली. घरपोच ऑनलाइन रजिस्टर भाडेकरार. म्हणजे एक माणूस लॅपटॉप अन् अंगठ्याचं मशीन घेऊन घरी येते, मालकाचा अन् आपला अंगठा घेते, फोटो काढते, आणि तीन-चार दिवसांनी रजिस्ट्री झालेला करार मोबाइलवर येऊन पडते. पुण्या-मुंबईच्या लोकांना यात नवीन काहीच वाटणार नाही, पण आमच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा तालुक्यात किरायाच्या खोलीचा करार करा म्हटलं की मालक असा पाहते जसं काही आपण त्याच्या सातबाऱ्यावर नाव चढवायलाच आलो.

साडेतीन स्टार दिले. बाकीचे दीड कुठं गेले ते सांगते, पण त्याच्या आधी हा कागद करावा काऊन लागला ते सांगावं लागेल अन् ते जरा लांबलचक आहे, तेव्हा चहा मांडून बसा.

मी नर्स आहे, कंत्राटी. उपकेंद्र खेड्यात आहे, क्वार्टर आहे म्हणायला आहे पण त्याच्या छताची सळई दिसते आणि पावसाळ्यात आत बादल्या ठेवाव्या लागतात. म्हणून खोली पाहणं आलं. आधी दारव्ह्यात पाहिली. एका ठिकाणी बाईनं सगळं दाखवलं, नळ दाखवला, गच्ची दाखवली, मग दारात उभं राहून विचारलं, मॅडम आडनाव काय तुमचं. सांगितलं. मग गाव कोणतं. मग घरी कोणत्या देवाचं करता. मग म्हणे मिस्टरांना विचारून सांगते. संध्याकाळी फोन केला तर खोली कालच गेली होती म्हणे, म्हणजे मी पाहायच्या एक दिवस आधीच. ‘खोली किरायाने देणे आहे’ ही पाटी त्या फाटकावर पोळ्यापर्यंत लटकून होती, मी रोज तिथूनच बसस्टँडवर जायची.

मग ज्या गावात उपकेंद्र तिथंच खोली भेटली. दोन खोल्या, वरून टिन, मागं बाथरूम, संडास दोन घरांत मिळून एक. किराया अडीच हजार, अ‍ॅडव्हान्स दहा हजार, म्हणजे चार महिन्यांचे पैसे आधीच मालकाच्या घरात. मी म्हटलं काकाजी काही लिहून घेऊ का, तर ते हसले. म्हणे, "आवो मॅडम, तुम्ही आमच्या गावाच्या सिस्टर, तुमच्यासंगं काय लिखापढी करा लागते, इश्वास नाही का?" आता विश्वास नाही असं कोण तोंडावर म्हणणार. ठीक आहे म्हटलं आणि राहायला लागली.

लाइटचं सांगते. सबमीटर होता, बारा रुपये युनिट. महावितरणचं बिल कधी दाखवलं नाही, मी मागितलंही नाही, पहिले सहा महिने तर मला तो बारा रुपये सरकारी रेटच वाटत होता. नंतर समजलं की घरगुती मीटरला टप्पे असतात, शंभर युनिटपर्यंत एक रेट, एकशे एक ते तीनशेला त्याच्याहून बराच जास्त, अन् वर अजून. आता एकाच मीटरवर मालकाचं घर, मी, आणि बाजूचं बिऱ्हाड. माझे महिन्याचे चाळीस-पंचेचाळीस युनिट. माझ्या नावाचा मीटर असता तर मी पहिल्याच टप्प्यात बसली असती, पण तिघांचे मिळून वरच्या टप्प्यात जायचे आणि त्या वरच्याही वर बारा रुपये. बरं तेही जाऊ द्या. मार्च लागला, मी कूलर लावला, तर काकाजी म्हणे कूलरचे महिन्याला पाचशे वेगळे. मी म्हटलं सबमीटरमधूनच तर चालून राहिला नं कूलर, त्याचे युनिट मी देतेच आहे. तर म्हणे, "कूलर पाणी पेते नं मॅडम, मोटर चालवा लागते."

टिनाच्या खोलीत मे महिन्यात कूलर नसला तर काय होते हे विदर्भातल्या माणसाला सांगायची गरज नाही. दिले पाचशे.

आता पावतीची गंमत ऐका. मी किरायाची पावती मागितली की काकाजी विषय बदलत, कधी पाऊस, कधी सोयाबीनचा भाव. पण त्याच घरात एक गुरुजी राहत होते, म्हणजे कागदावर राहत होते, खरं घर त्यांचं यवतमाळला, रोज मोटरसायकलनं जाणं-येणं. त्यांना मुख्यालयी राहतो हे दाखवावं लागते, ग्रामसभेचा ठराव लागते, घरभाडे भत्ता त्याच्याशी जोडलेला आहे. तर जे गुरुजी एक रात्रही तिथं झोपले नाहीत त्यांना दर महिन्याला सहीशिक्क्याची पावती, आणि मी जी त्या टिनाखाली भाजून राहिली होती तिला पावती नाही. गुरुजींबद्दल माझं काही म्हणणं नाही, चांगला माणूस, माझ्या खोलीत साप निघाला तेव्हा त्यांनीच सर्पमित्र बोलावला. पण पावतीपुस्तक घरात होतं हे मी डोळ्यानं पाहिलं, एवढंच सांगते.

दुसऱ्या वर्षी एप्रिलमध्ये काकाजींनी किराया एकदम साडेतीन हजार सांगितला. वर्धा-यवतमाळ-नांदेड रेल्वेलाइनचं काम आमच्या भागातून जाते, बाहेरची माणसं खोल्या पाहत फिरत होती, त्यांना चार हजारही जड नव्हते. मी म्हटलं काकाजी जुलैपर्यंत थांबा, आमचा पगार तीन महिन्यांपासून झाला नाही, जुलैत मी तरी वाढवीन नाहीतर खोली तरी सोडीन. ते काहीच बोलले नाहीत. मला वाटलं मानलं.

मे महिन्यात एक दिवस लसीकरणाचं सत्र करून सात वाजता आली तर माझ्याच दोन खोल्यांत अंधार. बाजूला टीव्ही चालू, अंगणातला दिवा चालू. मीटरच्या पेटीपाशी गेली तर माझ्या लाइनची ग्रिप जागेवर नाही. ती जुनी चिनी मातीची पांढरी ग्रिप असते नं, ती. काकाजी वट्ट्यावर बसले होते. म्हटलं काकाजी माझी लाइट गेली. म्हणे, "फ्यूज उडला असन." त्यांच्या सदऱ्याचा खिसा खाली लोंबत होता आणि पातळ मलमलीतून ग्रिपचा पांढरा आकार स्पष्ट दिसत होता, मी पाहून राहिली ते त्यांनाही समजलं, तरी दोघांपैकी कोणीच काही म्हटलं नाही. मी बॅग भरली आणि उपकेंद्रात बाकावर जाऊन झोपली, तिथं निदान पंखा होता. चार रात्री.

मग मी तालुका विधी सेवा समितीत गेली. ही गोष्ट बऱ्याच बायांना माहीत नाही म्हणून लिहून राहिली, कोर्टाच्या आवारातच असते आणि बाईमाणसाला मोफत वकील भेटते, उत्पन्न कितीही असो. अनुसूचित जाती-जमातीच्या लोकांनाही तसंच. फोन करायचा तर १५१००. तिथल्या वकील मॅडमनी शांतपणे सगळं ऐकलं. मग मला कायदा सांगितला अन् मी खुर्चीत ताठ झाली. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ चा, ३१ मार्च २००० पासून चालू. त्याच्या कलम २९ मध्ये स्पष्ट आहे की मालकाला वाजवी कारण नसताना किरायदाराची लाइट, पाणी, संडासची सोय तोडता येत नाही. कलम ५५ मध्ये आहे की करार लेखीच पाहिजे आणि रजिस्टर पाहिजे, अन् तो रजिस्टर करायची जबाबदारी मालकाची, आपली नाही! नाही केला तर मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि करार नसला तर किरायदार ज्या अटी सांगेल त्याच खऱ्या धरायच्या, मालक उलटं सिद्ध करेपर्यंत. किरायाची पावती देणंही मालकावर बंधनकारक. म्हणजे मी दोन वर्षं पावतीसाठी अजिजी करून राहिली होती अन् ती माझ्या हक्काची होती.

मग मॅडमनी विचारलं, गाव कोणतं म्हटलं तुम्ही? गाव सांगितलं. त्या थांबल्या. म्हणे ग्रामपंचायत आहे नं ती. हो म्हटलं. तर म्हणे हा कायदा सगळीकडं लागू नाही. कायद्याच्या मागं अनुसूच्या आहेत, त्यात जी क्षेत्रं लिहिली आहेत तिथंच तो चालते. माझं खेडं त्यात नव्हतं.

तुम्ही म्हणाल मग खेड्यातल्या किरायदाराला काय आहे. तर आहे, १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा. त्याच्या कलम १०६ प्रमाणं महिन्याच्या किरायावर राहणाऱ्याला पंधरा दिवसांची नोटीस द्यावी लागते. १८८२ म्हणजे तेव्हा आपलं वऱ्हाड निजामाच्या नावावर अन् इंग्रजाच्या हातात होतं. आणि जबरदस्तीनं बाहेर काढलं तर सहा महिन्यांच्या आत दिवाणी कोर्टात दावा लावता येते. पण अडीच हजाराच्या खोलीसाठी दिवाणी दावा कोण लावते हो. तारखेला जायला सुट्टी कोण देईल.

मॅडमच्या बाजूच्या टेबलावर एक म्हातारे वकील बसले होते, ते मधातच बोलले. म्हणे पोरी, आमच्या तरुणपणी विदर्भात सी.पी. अँड बेरारचा, म्हणजे जुन्या मध्य प्रांत-वऱ्हाडचा, १९४९ चा रेंट कंट्रोल ऑर्डर होता, रेंट कंट्रोलरची परवानगी घेतल्याशिवाय मालकाला खोली सोडायची नोटीसच देता येत नव्हती, नव्या कायद्यानं तो गेला. असं सांगून त्यांनी चष्मा काढून पुसला अन् परत फाइलीत डोकं घातलं. त्या जुन्या कायद्यानं मालकांचे हाल झाले असं म्हणणारेही आहेत, पन्नास-साठ रुपये किरायावर तीन पिढ्या बसलेले किरायदार मीही पाहिले आहेत, दुकानं तर विचारूच नका. मालकाच्या मनात कब्जा होईल ही जी भीती आहे ती उगाच आली नाही. पण त्या भीतीपायी नर्सच्या खोलीची ग्रिप काढून खिशात टाकायची, हे कोणत्या हिशोबात बसते.

खोली जूनमध्ये सोडली. दहा हजारांतले अठराशे हातावर ठेवले. रंगाचे साडेतीन हजार कापले, कूलरच्या स्टँडचा गंज फरशीला लागला त्याचे कापले, एका महिन्याची नोटीस नव्हती म्हणून अडीच हजार कापले (नोटीस मी द्यायची, ग्रिप त्यांनी काढायची), आणि टिनाला भोक पडलं त्याचे कापले. टिनाला भोक! मी काय छतावर जाऊन खिळा ठोकला होता का. विधी सेवा समितीतून काकाजींना पत्र गेलं, ते आले, पांढरं धोतर वगैरे नेसून, सगळ्यांना नमस्कार करत. तिथं अजून पाच हजार कबूल झाले आणि दिले. बाकीचे गेले. माझ्याकडं एकही कागद नसताना एवढे आले हेच खूप, असं मॅडम म्हणाल्या. त्या शब्दावर मी ठरवलं की पुढची खोली कागदाशिवाय घ्यायची नाही.

आता रिव्ह्यू.

पुढची खोली दारव्ह्याच्या बाहेर ले-आउटमध्ये भेटली. गाव वाढलं तसं शेताचे प्लॉट पडले, तो भाग अजून ग्रामपंचायतीतच येते. मालकीण एक आजी, पंचाहत्तरीच्या पुढं, एकट्या. मुलगा पुण्याला. किराया तीन हजार, दोन खोल्या, स्लॅब, अंगणात चिंच. आजींनी आडनाव विचारलं नाही. विचारलं ते एवढंच की रात्री-बेरात्री बीपी वाढला तर पाहशील का. मी म्हटलं पाहीन, पण आजी मला रजिस्टर करार पाहिजे. आजी एकदम गप्प झाल्या. मग म्हणे, "अंगठा लावा लागन?"

त्या एका प्रश्नात किती काय होतं ते आमच्या भागातल्या माणसाला समजेल. आजींच्या सासऱ्यानं सावकाराच्या कागदावर अंगठा लावला होता अन् सात एकर गेलं होतं. घरात ते शिकवूनच ठेवलेलं, सही शिका नाहीतर अंगठा लावू नका. मुलाला फोन लावला, तोही आधी म्हणे आई कुठं अंगठा लावू नको. मग मी बोलली त्याच्याशी, म्हटलं दादा हा लिव्ह अँड लायसन्स आहे, यात मला घरावर काहीच हक्क येत नाही, अकरा महिने राहायची फक्त परवानगी, मुदत संपली की संपली. तो हसला. तो स्वतः पुण्यात असाच करार करून राहते, दर वर्षी. म्हणे ताई, मला इथं रोज चालते, गावात आईनं करावं हे डोक्यातच नाही आलं.

खर्च विचारतात म्हणून आकडे सांगते. स्टॅम्प ड्युटी पूर्ण मुदतीच्या किरायावर पाव टक्का, आणि परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर वर्षाला दहा टक्के व्याज धरून त्यावरही. माझा अकरा महिन्यांचा किराया तेहतीस हजार, डिपॉझिट सहा हजार, म्हणजे ड्युटी शंभरातच बसते. रजिस्ट्रीची फी ग्रामीण भागात पाचशे, शहरात हजार. वर कागद हाताळणीचे तीनशे. असे सरकारी हजाराच्या आत झाले. पोरानं घरी यायचे बाराशे घेतले. अर्धे मी दिले, अर्धे आजींच्या मुलानं पाठवले. आता लोकं म्हणतात शंभराच्या स्टॅम्पवर लिहून नोटरी करून घ्या, स्वस्तात होते. एक तर ऑक्टोबर २०२४ पासून बऱ्याच कामांना शंभराचा स्टॅम्प चालतच नाही, पाचशेचा घ्यावा लागते, आणि दुसरं म्हणजे नोटरी म्हणजे रजिस्ट्री नाही. हे दोन वेगवेगळे कागद आहेत, स्टॅम्पवाल्यानं कितीही लाल सील मारलं तरी.

पोरगा रविवारी आला. लॅपटॉप, वेबकॅम, मशीन, सगळं एका शाळेच्या दप्तरात. बोलायला नम्र, आजींना पाया पडला, इथंच अर्धा स्टार कमावला त्यानं. माझा अंगठा एका झटक्यात घेतला. मग आजी. लाल. परत लाल. मशीन पुसलं, परत लाल. आजींनी पदरानं अंगठा घासला, साबणानं धुऊन आल्या, पोरगा म्हणे जरा तेल लावा, तेल लावलं, परत पुसलं, परत लाल. मी आजींचा हात हातात घेऊन पाहिला. मी रोज लोकांचे हात पाहते, शुगर तपासायला बोट टोचते, पण असा अंगठा जवळून कधी पाहिला नव्हता. रेषाच नव्हत्या. पन्नास वर्षं कापूस वेचला त्यांनी, बोंडाच्या नखाएवढ्या टोकांनी बोटं सोलली गेली, निंदणाचं वेगळं, आणि वरून चुलीचं वेगळं. काचेसारखा गुळगुळीत झालेला अंगठा. आजी म्हणे, "ह्या अंगठ्यानं जमीन गेली म्हणत, आता तर अंगठाच गेला." आणि स्वतःच हसल्या.

मग तर्जनी, मग दुसरा हात, डाव्या हाताचं मधलं बोट लागलं एकदाचं, हिरवी टिक आली. तेवढ्यात लाइट गेली. लॅपटॉप बॅटरीवर होता पण नेट माझ्या मोबाइलचं, ते फक्त गच्चीवर येते, म्हणून मोबाइल गच्चीच्या कठड्यावर ठेवला अन् हॉटस्पॉट खाली. दोन साक्षीदार लागतात, त्यांचेही आधार, त्यांचेही अंगठे. बाजूचे भाऊ साक्षीला आले पण आधार म्हटल्यावर मागं सरले, पैसे तर नाही जाणार नं खात्यातून. समजावून समजावून दुपारचे दोन वाजले. पहिला अर्धा स्टार इथं कापला. पुण्यात हे वीस मिनिटांत होते म्हणतात. होत असेल, तिकडं अंगठे कोवळे असतात.

दुसरा अर्धा स्टार फॉर्मवरून कापला. पोराकडं तयार मसुदा होता, शहरातला. त्यात सोसायटीचे नियम पाळणे, लिफ्टचा वापर, पार्किंगची जागा. घराच्या बाजूला आजींच्या दिराचा गोठा आहे, लिफ्ट कुठली. आणि मालक "कोणत्याही वेळी" खोलीची पाहणी करू शकेल असं एक वाक्य होतं, ते मी वाचलं नसतं तर तसंच गेलं असतं. तो म्हणे ताई सगळ्यांचं असंच असते, सगळे सही करतात. मी म्हटलं मी बदलून घेते. तर त्यात हे टाकलं की आत यायचं तर एक दिवस आधी सांगायचं, लाइटचे पैसे महावितरणच्या बिलात जो रेट लागला त्याच रेटनं आणि बिल दाखवून, कूलरचे वेगळे नाही, डिपॉझिट खोली सोडायच्या दिवशीच परत, कापायचं असेल तर काय खराब झालं ते राहायला येतानाच्या फोटोंशी ताडून, आणि नेहमीच्या वापरानं मळलेल्या रंगाचे पैसे कापायचे नाही. आजींची अट एकच होती. म्हणे खायाचं ते खाय बाई, पण अंगणातल्या मोरीत कोंबडी धुवायची नाही, मांजरं जमतात. तेही लिहिलं, सरकारी मराठीत. वाचून दाखवलं तर आजींना पटेना की ही आपलीच अट आहे.

हे दोन महिन्यांचं डिपॉझिट अन् एक दिवस आधी सांगणं माझ्या डोक्यातून नाही आलं. केंद्र सरकारनं आदर्श भाडेकरू कायदा म्हणून मसुदा काढला आहे, मंत्रिमंडळानं २ जून २०२१ ला मंजूर केला, त्यात राहत्या घराचं डिपॉझिट दोन महिन्यांच्या किरायापेक्षा जास्त घेता येत नाही, आत यायचं तर चोवीस तास आधी कळवायचं, आणि भांडण झालं तर रेंट अथॉरिटी, तिच्यावर रेंट कोर्ट, अशी वेगळी व्यवस्था. मालकाचंही पाहिलं आहे त्यात, मुदत संपून जो हलत नाही त्याला पहिले दोन महिने दुप्पट अन् पुढं चौपट किराया. पण तो नमुना आहे, राज्यानं आपला कायदा केला तरच चालते, अन् आपल्याकडं १९९९ चाच चालून राहिला, तोही यादीतल्या गावांपुरता. म्हणून मी म्हटलं कायदा येईल तेव्हा येईल, त्यातलं जे चांगलं ते आपल्या करारात आताच लिहून घ्या, दोघांनी सही केली की ते दोघांना बांधते. वकील मॅडमला मसुदा दाखवला होता, त्यांनी फक्त एक शब्द बदलला.

तिसरा अर्धा स्टार त्या पोराचाही नाही अन् मशीनचाही नाही. तो त्या ले-आउटच्या रस्त्याचा आहे. आमच्या घरापासून चालत दहा मिनिटांवर नगरपरिषदेची हद्द लागते, तिथून आत राहणाऱ्या किरायदाराची लाइट तोडली तर त्याला कलम २९ आहे, माझी तोडली तर माझ्याकडं हा करार आहे आणि १८८२ साल आहे. तेच महावितरण, तीच डीपी, तोच लाइनमन. खेड्यात कोण किरायानं राहते असं वरच्या लोकांना वाटत असेल तर त्यांनी एकदा येऊन पाहावं, नर्सा आहेत, ग्रामसेवक, बँकेचे पोट्टे, पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं एका खोलीत पाच-पाच, ऊसतोडीहून आलेलं बिऱ्हाड, शाळेपायी लेकरांना घेऊन तालुक्याजवळ राहणारी एकटी बाई. त्या यादीत गावं वाढवा आणि डिपॉझिटला हद्द घाला एवढंच तर म्हणणं आहे. तहसीलमध्ये उत्पन्नाच्या दाखल्याच्या खिडकीशेजारी किरायाच्या भांडणाची एक खिडकी बसवली तरी पुरे, दिवाणी कोर्टाच्या पायऱ्या चढायची हिंमत नसलेली माणसं तिथं तरी जातील.

कागद तीन दिवसांनी आला. इंडेक्स टू, म्हणजे रजिस्ट्रीच्या नोंदीचा उतारा, त्याच्यासकट. मी प्रिंट काढून एक आजींना दिली, त्यांनी ती प्लास्टिकच्या पिशवीत घालून तांदळाच्या डब्यात ठेवली, घरातले महत्त्वाचे सगळे कागद तिथंच असतात म्हणे. फायदा काय झाला विचाराल तर दोन सांगते. गॅसच्या कनेक्शनला पत्त्याचा पुरावा म्हणून हाच चालला. आणि मार्चमध्ये कूलर लावला तेव्हा पुण्याहून मुलाचा फोन आला, आईच्या बिलाचं काय म्हणून, मी म्हटलं दादा अट क्रमांक सात वाचा, त्यानं वाचली, म्हणे ठीक आहे ताई. तेवढ्यावर संपलं. मागच्या घरी याच गोष्टीवर माझे दोन उन्हाळे गेले होते.

करार करायचा असेल तर हे लक्षात ठेवा. मसुदा आधी व्हॉट्सअ‍ॅपवर मागवून घ्या, पोरगा घरी आल्यावर वाचायला वेळ देत नाही, त्याला पुढचं गिऱ्हाईक असते. आधारवर मोबाइल नंबर अन् नावाचं स्पेलिंग तपासून ठेवा, माझ्या आडनावात एक अक्षर जास्त निघालं तर अर्धा तास त्यातच गेला. घर गावठाणात आहे की गटात, ते ग्रामपंचायतीच्या कर पावतीवर पाहून लिहा. खोलीचे फोटो पहिल्याच दिवशी काढा, फरशी, नळ, भिंतीचे कोपरे, बोर्ड, आणि मालकालाही पाठवा. मालक म्हातारे असतील तर त्यांची बोटं आदल्या रात्री खोबरेल लावून ठेवा, सकाळी कोमट पाण्यानं धुवा, हे कोणत्या सरकारी पानावर लिहिलेलं नाही, हे मी सांगून राहिली.

दिवाळीनंतर माझे अकरा महिने संपतात. परवा संध्याकाळी आजी वट्ट्यावर बसून डाव्या हाताच्या मधल्या बोटाला तेल चोळून राहिल्या होत्या. मी म्हटलं आजी अजून दोन महिने आहेत. म्हणे, "असू दे वं, थो मशीनवाला पोरगा येईन तवा घाई नको."